पेशंट मी होते



संपादकीय म्हटलं की एखादा निकाल, एखादं विधेयक, एखादी निवडणूक हातात घ्यायची आपल्याला सवय आहे. या वेळी मी सोनोग्राफीच्या खोलीतून सुरुवात करते आहे. विषय घरातला वाटेल. 'हे इथे कशाला?' असंही काहींना वाटेल. पण हक्कांची जी भाषा मी सभांमधून, शिबिरांमधून इतकी वर्षं बोलत आले, तिच्यातला एकही शब्द त्या खोलीत मला आठवला नाही. म्हणून हे लिहिते आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि पहिल्यांदाच दिवस राहिले होते. साडेसहा आठवड्यांच्या सोनोग्राफीत ठोके दिसले होते. नवव्या आठवड्यात एका सकाळी डाग दिसला. ऑफिसची मीटिंग चालू होती, ती कशीबशी संपवली, लॅपटॉप मिटला आणि नवऱ्याबरोबर दवाखान्यात गेले.

बाहेरच्या बाकांवर सातव्या-आठव्या महिन्यातल्या बायका बसल्या होत्या. भिंतीवर गुटगुटीत बाळांचे फोटो. पाऊण तासाने नंबर लागला. सोनोग्राफीचे डॉक्टर बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. मी विचारलं, "सर, ठीक आहे ना?" ते माझ्याकडे न बघता सिस्टरला म्हणाले, "यांच्या मिस्टरांना आत बोलवा." नवरा आत आला. मग त्यांनी त्याला सांगितलं, "वाढ सात आठवड्यांवर थांबलीय. ठोके नाहीत. मॅडमना भेटून घ्या, पिशवी साफ करावी लागेल."

मी तिथेच पडून होते. पोटावरचा जेल अजून पुसलाही नव्हता.

मॅडमच्या केबिनमध्ये आम्ही चार-पाच मिनिटं होतो. "सकाळपासून काही खाल्लंय का?" हा त्यांनी मला विचारलेला एकुलता एक प्रश्न. बाकी सगळं बोलणं नवऱ्याशी झालं. खर्च किती, मेडिक्लेम आहे का, संध्याकाळी किती वाजता सोडतील. काउंटरवर दोन पानी इंग्रजी फॉर्म मिळाला, त्याने त्यावर सही केली. माझी सही राहिलीय हे ओटीच्या दारात कुणाच्या तरी लक्षात आलं. हाताला सलाइन लागलेलं होतं. सिस्टरने फाइल पुढे धरली, "ताई, इथे." मी सही केली. काय करणार, कशाने करणार, भूल कोणती, दुसरा काही मार्ग आहे का, यातलं काहीही मला माहीत नव्हतं.

माझं काम सॉफ्टवेअरचं आहे. ग्राहकाच्या सर्व्हरवर एक छोटी फाइल बदलायची तरी आम्ही आधी लिहून देतो: काय बदलणार, का बदलणार, बिघडलं तर काय करणार. समोरचा वाचतो, प्रश्न विचारतो, मग होकार देतो. हे मी रोज करते, तेही इंग्रजीत. आणि माझ्या स्वतःच्या शरीराच्या बाबतीत मी न वाचलेल्या कागदावर, कुणीतरी बोट ठेवलं तिथे नाव लिहिलं.

शुद्धीवर आले तेव्हा शेजारच्या खोलीतून नुकत्याच जन्मलेल्या बाळाचं रडणं ऐकू येत होतं. दवाखाना लहान होता, प्रसूतीची खोली आणि ही खोली यांच्यामध्ये एक पार्टिशन होतं. कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. पण मला तिथून हलवावं, हे कुणाला सुचलंही नाही.

एक गोष्ट मात्र नोंदवायलाच हवी. रात्री डिस्चार्जच्या वेळी एक वयस्कर सिस्टर सलाइन काढायला आली. तिने माझा हात जरा वेळ तसाच धरून ठेवला आणि म्हणाली, "ताई, तुमच्या कशामुळे हे झालेलं नाही. बरेचदा होतं असं. रडायचं तर रडा." अख्ख्या दिवसात माझ्याशी कुणीतरी बोललं ते हे एवढंच. त्याला अर्धं मिनिट लागलं असेल.

ती सिस्टर जे बोलली ते शास्त्रानेही खरं आहे, आणि हे मला नंतर स्वतः वाचून कळलं. 'लान्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने २०२१ मध्ये या विषयावर लेखमाला छापली. तिच्या अंदाजानुसार, समजून आलेल्या गर्भधारणांपैकी सुमारे १५ टक्के अशा संपतात. जगभरात वर्षाला सुमारे २ कोटी ३० लाख. म्हणजे तुमच्या ओळखीच्या प्रत्येक मोठ्या कुटुंबात हे घडलेलं आहे, फक्त तुम्हाला सांगितलेलं नाही. यातले बहुतेक गर्भ पहिल्या तीन महिन्यांतच जातात, आणि या लवकर जाणाऱ्यांपैकी साधारण निम्म्यांचं कारण गुणसूत्रांमधली चूक असतं. बीज एकत्र येतानाच ती चूक झालेली असते. पुढे आई काय खाते, काय उचलते, याने ती होत नाही आणि टळतही नाही.

हे वाक्य मला त्या आठवड्यात हवं होतं. कारण घरी आल्यावर कारणांची यादी तयार होती. स्कूटीवरून ऑफिसला जात होती. पपई खाल्ली असेल. लॅपटॉप मांडीवर घेऊन बसते. फुफीच्या मते नजर लागली, कारण दिवस राहिल्याचं फार लवकर सांगितलं. एका नात्यातल्या मामीने नवऱ्याला बाजूला घेऊन विचारलं, "नौकरी छोड देती तो?" सासूबाई बिचाऱ्या काही बोलल्या नाहीत, पण महिनाभर त्यांनी मला जिना चढू दिला नाही. त्यात प्रेम होतं आणि आरोपही होता. दोन्ही वेगळे काढता येत नव्हते.

आणि मग डिस्चार्ज कार्ड. त्यावर निदान लिहिलं होतं, 'मिस्ड अबॉर्शन'. वैद्यकीय भाषेत याचा अर्थ एवढाच की गर्भाची वाढ थांबली पण तो बाहेर पडलेला नाही. घरातल्या एका शिकलेल्या मुलाने ते वाचलं आणि त्यातला दुसरा शब्द तेवढा त्याला कळला. दोन दिवसांनी माझ्या अम्माला कुणीतरी फोनवर विचारलं, "गिराया क्या उसने?" मराठीतही आपली पंचाईत आहे. आपोआप झालेला आणि करवून घेतलेला, दोन्हींना आपण गर्भपातच म्हणतो. करवून घेणाऱ्या बाईला तिची कारणं असतात आणि कायद्याने तिला तो अधिकार दिला आहे, त्यावर माझं काहीच म्हणणं नाही. पण ज्या बाईने काही ठरवलंच नव्हतं, तिला तिच्या दुःखाचा जाब द्यावा लागतो, तो एका शब्दामुळे. १९८५ साली 'लान्सेट'मध्येच तीन ब्रिटिश डॉक्टरांनी पत्र लिहून सांगितलं होतं की आपोआप जाणाऱ्या गर्भासाठी हा शब्द वापरणं थांबवा, बायकांना त्याचा त्रास होतो. तिकडे हळूहळू तो बदलला. आपल्याकडे कार्डवर 'गर्भाची वाढ आपोआप थांबली' एवढी एक मराठी ओळ लिहायला कुणाची परवानगी लागते?

आता उपचारांबद्दल. मला 'पिशवी साफ करावी लागेल' हे असं सांगितलं गेलं, जणू दुसरं काही असूच शकत नाही. प्रत्यक्षात मार्ग तीन असतात. पहिला, वाट बघणं. ताप नाही, रक्तस्राव आटोक्यात आहे, तर अनेकींचं शरीर एक-दोन आठवड्यांत हे काम आपणहून पूर्ण करतं. दुसरा, गोळ्या. मिसोप्रोस्टॉल आणि शक्य असेल तर त्याआधी मिफेप्रिस्टोन. तिसरा, छोटी शस्त्रक्रिया. हिच्यातही फरक आहे. आपल्याकडे सर्रास ज्याला 'क्युरेटिंग' म्हणतात, म्हणजे धातूच्या साधनाने आतून खरवडणं, ती पद्धत कालबाह्य झाली आहे आणि तिच्याऐवजी निर्वात पंपाने ओढून घेण्याची पद्धत वापरावी, असं जागतिक आरोग्य संघटना गेली कित्येक वर्षं सांगते आहे. वारंवार खरवडल्याने पिशवीच्या आत चिकटे तयार होण्याचा धोका असतो. पंपाची पद्धत अनेकदा पूर्ण भूल न देता, फक्त तेवढा भाग बधिर करूनही करता येते.

कोणता मार्ग बरा, हे बाईगणिक बदलतं. कुणाला घरी, आपल्या खोलीत, आपल्या वेळेने व्हायला हवं असतं. कुणाला आजच्या आज मोकळं व्हायचं असतं. कदाचित मला सगळं समजावून सांगितलं असतं तर मीही शस्त्रक्रियाच निवडली असती. पण मी काही निवडलं नाही, कारण निवडण्यासारखं काही आहे हेच मला कळलं नाही. माझ्यावर नेमकी कोणती पद्धत वापरली, हे मी नंतर फाइलची प्रत मागवून बघितलं. 'क्युरेटिंग'च होतं.

इथे कायद्याकडे येऊ. १९९५ साली दिल्लीत समीरा कोहली नावाच्या एक बाई रक्तस्रावाच्या तक्रारीसाठी डॉक्टरकडे गेल्या. तपासणीसाठी त्यांना भूल दिली होती. त्या बेशुद्ध असताना बाहेर बसलेल्या त्यांच्या आईची संमती घेऊन त्यांचं गर्भाशय आणि बीजाशय काढून टाकण्यात आलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १६ जानेवारी २००८ रोजी न्यायालयाने सांगितलं की सज्ञान आणि शुद्धीवर येऊ शकणाऱ्या रुग्णाच्या वतीने, जीव वाचवण्याची तातडी नसेल तर, आई किंवा दुसरं कुणी संमती देऊ शकत नाही. आणि ती संमती खरी असायची तर उपचार काय, पर्याय काय, धोके काय, हे रुग्णाला आधी सांगितलेलं असलं पाहिजे. नवऱ्याची सही हा दवाखान्यांचा रिवाज आहे. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यातही सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती मागितली आहे, नवऱ्याची नाही.

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये रुग्णहक्कांची सनद तयार केली. माहिती मिळणं, संमती, खासगीपणा, दुसऱ्या डॉक्टरचं मत घेणं, स्वतःच्या कागदपत्रांची प्रत मिळणं, पुरुष डॉक्टर तपासत असताना सोबत बाई हजर असणं, हे सगळं तिच्यात आहे. महाराष्ट्राने २०२१ मध्ये शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत बदल करून ही सनद दवाखान्यात लावणं सक्तीचं केलं. माझ्या त्या दवाखान्यात पुढे एकदा गेले तेव्हा मी ती शोधली. होती. पाण्याच्या कूलरच्या मागे.

सनदेत न मावणारी एक गोष्ट आहे. ओटीतून आणल्यावर एक मावशी चादर बदलत होती. मी रडत होते. ती सहज म्हणाली, "रडू नका, तुमच्यात काय, पोरं पटापट होतात." तिच्या मनात काही वाईट नव्हतं, खरंच. ती माझी समजूत काढत होती. पण हे 'तुमच्यात' मला त्या चादरीवरच्या डागापेक्षा जास्त वेळ दिसत राहिलं. आपल्यापैकी अनेकींनी बुरखा किंवा नाव बघून केलेली अशी टिप्पणी ऐकली असेल. आकड्यांनी उत्तर द्यायचं तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते की मुस्लिम स्त्रियांचा सरासरी जननदर १९९२-९३ मध्ये ४.४ होता आणि २०१९-२१ मध्ये २.४ पर्यंत खाली आला. पण दुःखात असलेल्या बाईने आकडे का सांगावेत? तिला एक गर्भ हवा होता आणि तो गेला. तिच्या समाजातल्या बायकांना किती मुलं होतात, याचा तिच्या त्या संध्याकाळशी काही संबंध नाही.

बाहेरच्यांबद्दल बोलले, तसं घरच्यांबद्दलही बोलायला हवं. आपल्याकडे अशा वेळी एक शब्द सगळ्यात आधी येतो, सब्र. मी सब्र नाकारत नाही, मला त्याने आधार दिला आहे. पण "सब्र करो" हे वाक्य बहुतेक वेळा "आता हा विषय बंद" या अर्थाने आलं. एक नातेवाईक तर म्हणाले, "चार महिने भी नहीं हुए थे, रूह कहाँ आई थी, रोना किस बात का?" चार महिन्यांचा हिशेब फिक्हमध्ये आहे, आणि तो जनाजा, दफन अशा विधींच्या संदर्भात येतो. बाईने किती रडावं हे मोजायला तो कुणी काढलेला नाही. ज्या बाईने मनात नाव ठेवलं, तिला तुम्ही नियमाने कसं गप्प करणार?

दफनावरून आठवलं. त्या रात्री मला एकच विचारायचं होतं: जे काढलं, त्याचं काय केलं? मला लाज वाटली म्हणून मी विचारलं नाही. पुढे वाचून कळलं की २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार ते पिवळ्या पिशवीत जातं आणि शास्त्रीय पद्धतीने नष्ट होतं. संसर्गाचा विचार करता नियमामागचं कारण मला समजतं. पण हे मला कुणीतरी आधी, नीट शब्दांत सांगायला हवं होतं. काही कुटुंबांची या बाबतीत वेगळी भावना असते. ती असेल तर प्रक्रियेच्या आधी विचारा. उत्तर काहीही येवो, उत्तर मिळण्याचा अधिकार आहे.

घरी आल्यानंतरचे दिवस हा उपचारांचा भाग आहे, असं आपल्या दवाखान्यांना वाटत नाही. मला हातात अँटिबायोटिकचं पाकीट मिळालं, आणि नवऱ्याला "तीन महिन्यांनी परत चान्स घ्या" हा सल्ला. दहाव्या रात्री अचानक खूप रक्त गेलं. हे नेहमीचं की धोक्याचं, मला माहीत नव्हतं. बाथरूमच्या फरशीवर बसून मी मोबाइलवर शोधत होते. तेव्हा जे सापडलं ते तुम्हाला सांगून ठेवते. लागोपाठ दोन तास, दर तासाला दोन मोठे पॅड पूर्ण भिजत असतील, किंवा थंडी वाजून ताप येत असेल, घाण वास येत असेल, चक्कर येत असेल, तर सकाळची वाट बघायची नाही, तडक दवाखाना गाठायचा. दोन ओळींची ही माहिती. डिस्चार्ज कार्डच्या मागे छापायला किती शाई लागते?

आणि मन? लंडनच्या तीन रुग्णालयांतल्या ६५० हून अधिक स्त्रियांचा एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. लवकर गर्भ गमावल्यानंतर महिन्याभराने त्यांच्यातल्या २९ टक्के जणींमध्ये आघातानंतरच्या तणावाची लक्षणं होती. नऊ महिन्यांनीही ती १८ टक्के जणींमध्ये टिकून होती. मी चौथ्या दिवशी लॅपटॉप उघडून कामाला बसले होते. रजेच्या अर्जात 'पोटाचा त्रास' असं लिहिलं होतं.

या रजेचीच एक गंमत. २०२१ मध्ये न्यूझीलंडने गर्भ गमावलेल्या जोडप्यांना तीन दिवसांची पगारी रजा दिली, तेव्हा ती बातमी आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर फिरली होती. सगळ्यांनी टाळ्यांची चिन्हं टाकली. आपल्याकडे १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात अशा स्त्रीला सहा आठवड्यांची पगारी रजा होती, त्यातून आजार उद्भवला तर आणखी महिनाभर, हे त्या ग्रुपवर कुणालाही माहीत नव्हतं. मलाही नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही सहा आठवड्यांची तरतूद आहे. ईएसआयच्या विमाधारक कामगार स्त्रीलाही तो लाभ मिळतो. त्यासाठी पुरावा द्यावा लागतो. ती रजा मी घेतली असती तर काय झालं असतं, माहीत नाही. बहुधा झोपले असते.

इथे मला माझ्या जागेचीही जाणीव आहे. मी इंजिनियर, हातात विमा, नवरा सोबत, दवाखाना खासगी. तरी ही गत. आमच्या गल्लीत घरी बसून शिवणकाम करणारी एक बाई आहे. तिचे दोन गर्भ गेले. दोन्ही वेळा ती तिसऱ्या दिवशी मशीनवर बसली. तिला सहा आठवड्यांची रजा कोण देणार? सरकारी दवाखान्यात तिला एका खाटेवर दुसऱ्या बाईबरोबर झोपवलं होतं. ती म्हणते, "डॉक्टर अच्छी थी, पर उसको टाइम किधर था?" ती बरोबर बोलते. एका सकाळी शंभर-शंभर पेशंट बघणाऱ्या डॉक्टरांची दमणूक मी नाकारत नाही, आणि दवाखान्यांत होणाऱ्या मारहाणीमुळे डॉक्टर आधी नातेवाइकांशी बोलून मोकळे होतात, हेही खरं असेल. पण त्या वयस्कर सिस्टरला अर्धं मिनिट मिळालं होतं. म्हणजे ते मिळू शकतं.

तर आपण काय करायचं? मला मोठमोठ्या मागण्या करायच्या नाहीत. तीन-चार गोष्टी आहेत, त्या आपल्या हातातल्या आहेत.

पहिली, बहिणींसाठी. 'ठोके नाहीत' हे ऐकल्यावर डोकं चालत नाही, म्हणून हे प्रश्न आजच मोबाइलमध्ये लिहून ठेवा. निदान पक्कं आहे का, की आठवड्याने पुन्हा सोनोग्राफी करून बघायची? रक्तस्राव खूप नसेल तर बहुतेक वेळा एक-दोन दिवसांनी काही बिघडत नाही, तेवढा वेळ मागा. माझ्यापुढे मार्ग कोणते? शस्त्रक्रिया असेल तर पंपाने की खरवडून? माझा रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन लागेल का? कोणत्या लक्षणांना रात्रीबेरात्री यायचं, आणि कोणत्या नंबरवर फोन करायचा? आणि फॉर्म समजावून सांगितल्याशिवाय सही करू नका. मराठीत, हिंदीत, उर्दूत, जी भाषा तुमची असेल तिच्यात समजावून मागा.

दुसरी, भावांसाठी. डॉक्टर तुमच्याशी बोलायला लागले तर फक्त एवढं म्हणा, "डॉक्टर, पेशंट ती आहे, तिला सांगा. मी ऐकतो." माझा नवरा वाईट माणूस नाही. त्याला वाटलं, मला आणखी त्रास नको म्हणून सगळं आपण अंगावर घ्यावं. सहा महिन्यांनी एका रात्री तो म्हणाला, "मी सही केली तेव्हा काय लिहिलंय हे मीही वाचलं नव्हतं." तोही घाबरलेला होता आणि त्यालाही कुणी विचारलं नव्हतं. सगळे त्याला एवढंच विचारत होते, "भाभी कैसी है?"

तिसरी, घरातल्या मोठ्यांसाठी, आणि हे त्यांच्यापर्यंत तुम्हीच पोहोचवायचं आहे. कारण शोधू नका. स्कूटी, पपई, नजर, नोकरी, काहीही नाही. एक वेळचं जेवण पाठवा, शेजारी बसा, आणि ती बोलली तर ऐका.

चौथी, आपल्या चळवळीसाठी. आपली आरोग्य शिबिरं होतात, त्यांत रक्तदाब, साखर तपासतो. तिथे एक टेबल या विषयाचं असू द्या. वर लिहिलेले प्रश्न एका पानावर मराठीत आणि उर्दूत छापून वाटूया. आपल्यात डॉक्टर, नर्स, वकील आहेत. त्यांनी ते पान तपासून द्यावं. आपापल्या वस्तीतल्या प्रसूतिगृहात रुग्णहक्कांची सनद कुठे लावली आहे, एवढं दोघादोघांनी जाऊन बघावं. कूलरच्या मागे असेल तर भांडण न करता पुढे लावायला सांगावं.

मी हे नाव न सांगता लिहू शकले असते. संपादक मंडळातल्या दोघांनी काळजीपोटी तसं सुचवलंही. पण मग घरी, गल्लीत, ऑफिसात ज्यांनी कुजबुजत विचारलं, त्यांना मी पुन्हा कुजबुजतच उत्तर दिल्यासारखं झालं असतं. अम्माला हा लेख आधी वाचून दाखवला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तुझ्या आधी माझे पण दोन गेले होते." पस्तीस वर्षांत ती हे पहिल्यांदा बोलली.

तुमच्या घरातही अशी एक अम्मा, एक खाला, एक भाभी असेल. हा अंक वाचून झाला की तिच्याजवळ जाऊन बसा.